नदीतले दुसरे गोपीनाथ

दिवाळी उलटून गेल्यावरची एक सकाळ. शेजारच्या शकूबाईंनी बेल न वाजवता थेट बाल्कनीतून मला हाक मारली. आमच्या दोघींच्या बाल्कन्यांमध्ये हातभर उंचीची भिंत आहे आणि खाली, बरीच खाली, उल्हास नदी.

"वैनी, जरा भायेर येता? आवाज नका करू."

मी चहाचा कप घेऊनच गेले. नदीवर धुकं उतरलं होतं. पाणी कुठे संपतं आणि पलीकडचा काठ कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. शकूबाईंनी नदीच्या मधल्या बेटाकडे बोट केलं.

"ते बगा. आमचं मालक."

खरंच एक माणूस उभा होता. कमरेपर्यंत धुक्यात बुडालेला, दोन्ही हात पसरलेले, अंगात पिवळा सदरा. इतका स्वस्थ उभा, की एखाद्यानं त्याला 'तिथंच थांब, मी आलोच' असं सांगावं आणि मग विसरून जावं.

"मग हाक मारा की," मी म्हटलं. "एवढ्या गारठ्यात कशाला उभे राहिलेत?"

शकूबाईंनी मागे घराकडे मान वळवली. आत सोफ्यावर गोपीनाथ भोईर मांडी घालून बसले होते आणि चहात बटर बुडवून खात होते.

मी ठाण्याच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी केलेली बाई. नौपाड्यातलं घर पाडायला घेतलं तेव्हा शहाडच्या अलीकडच्या या टॉवरमध्ये राहायला आले. पुराव्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही आणि कुणी ठेवला तर मला राग येतो. पण त्या सकाळी एक गोपीनाथ घरात आणि एक नदीत असे दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि हातातला चहा तसाच निवून गेला.

गोपीनाथ भोईर म्हणजे या जमिनीचे मूळ मालक. आमचा टॉवर त्यांच्याच भातशेतावर उभा आहे. ते माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहून सांगितलं होतं, "तुमचा ओटा बरोबर आमच्या आवनावर आलाय बगा. लय चांगला रोप व्हायचा इथं." मी चौदाव्या मजल्यावर उभी होते, तरी भाताच्या रोपांच्या त्या वाफ्यात क्षणभर पाय ओले झाल्यासारखे वाटले.

शेत गेल्यावर काय करावं हे त्यांना कधी उमगलं नाही. मुलगा प्रितम बिल्डर लोकांना रेती-विटा पुरवतो, त्याचा पाय घरात ठरत नाही. सुनेनं हौसेनं बाल्कनीत मिरचीच्या कुंड्या मांडून दिल्या, तर म्हणाले, "कुंडीतला पीक म्हंजे पिंजऱ्यातला पोपट." सोसायटीच्या हिरवळीवर अनवाणी फिरायचे, वॉचमन शिट्टी मारायचा. शेवटी त्यांनी गळ उचलला आणि ओहोटीच्या वेळा साधून नदीवर जाऊ लागले. मासा मात्र कधी घरी आला नाही. शकूबाई म्हणायच्या, "मासं ह्यांना वलखतात. नमस्कार करून जातात."

तर ते नदीतलं दुसरं रूप. शकूबाईंनी त्याबद्दल नवऱ्याला अवाक्षर विचारलं नाही. कारण त्यांची आई सांगायची म्हणे, की एकच माणूस दोन ठिकाणी दिसला तर त्यातला एक जायच्या वाटेवर असतो. कुठला, ते विचारायचं नसतं. विचारलं की ठरून जातं.

"तुम्ही शिकलेल्या घरात राहता ना?" मी वैतागून म्हटलं.

"घर शिकलेला हाय वैनी. मी नाय."

मग रोज पहाट फुटली की घर जागं व्हायच्या आत त्या बाल्कनीत येऊन बसायच्या. धुक्यातून आधी पसरलेले हात वर यायचे, मग पिवळा सदरा. आधी त्यांना भीती वाटायची. मग हळूहळू गंमतच झाली. त्यांना तो आवडायला लागला. तो चहा मागत नव्हता, टीव्हीचा आवाज मोठा करत नव्हता, बोलणं अर्ध्यावर तोडत नव्हता. भिंतीच्या अलीकडे मी तुळशीला पाणी घालत असायचे आणि पलीकडून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. कालवणात आज मीठ जास्त झालं इथपासून सुरू व्हायचं ते कुठल्या कुठे जायचं. एकदा मला म्हणाल्या, "मी त्याला सांगला, शेत इकला त्या दिवशी मना रडाया आलता. मोरीत जाऊन रडलू. घरातल्याला अजून म्हाईत नाय."

"मग घरातल्याला सांगा ना."

"तो आयकत नाय. नदीतला आयकतो."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण आमचे हे गेल्यापासून मीसुद्धा कपाटातल्या त्यांच्या दुर्बिणीशी बोलतेच की. त्यांना पक्ष्यांचा नाद होता.

दुर्बिणीवरून आठवलं आणि माझ्यातली कोर्टातली बाई जागी झाली. एका दुपारी धुक्याचा मागमूस नव्हता, ऊन लख्ख होतं. मी दुर्बीण काढली, काच पुसली आणि नदीतल्या गोपीनाथांवर नेम धरला. तोंडाच्या जागी मडकं होतं. त्याला चुन्याचे डोळे.

"शकूबाई, ते बुजगावणं आहे!"

त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर सुटका दिसली, त्यांचा नवरा एकच होता आणि कुठेही जाणार नव्हता. मग त्यांना सदरा नीट दिसला. पिवळ्यावर मोठाली लाल जास्वंदीची फुलं. उल्हासनगरच्या बाजारातून त्यांनी तो नवऱ्याच्या साठीला आणला होता, आणि वर्षभर तो हरवला म्हणून बिचाऱ्या इस्त्रीवाल्याला धारेवर धरलं होतं.

"कुणी रोवला असंल?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण उत्तर दोघींनाही माहीत होतं. प्रश्न निराळा होता. बुजगावणं आहे म्हणजे पीक असणार.

मी दुर्बिणीचं चाक फिरवलं. बेटाच्या कडेला बेशरमीची दाट झुडपं, जांभळ्या फुलांनी डवरलेली. त्यांच्या आत, पुरुषभर उंचीची, गडद हिरवी, हाताच्या बोटांसारखी पानं. ती पानं मी ओळखली. कोर्टात मुद्देमालाच्या पिशव्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत.

"गांजा आहे तो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "शकूबाई, तुमच्या मालकांनी गांजा लावलाय."

आणि नेमकी त्याच वेळी खाली नदीकाठच्या रस्त्यावरून त्यांची नात समृद्धी धावत गेली.

समृद्धी म्हणजे प्रितमची मुलगी. पोलीस भरतीसाठी पोरीनं जिवाचं रान केलं होतं. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं, सगळ्या मजल्यावर पेढे वाटून झाले. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे पोलीस ठाण्यातून कुणीतरी घरी येणार, घरातली माणसं कोण, कशी, कुणावर केस वगैरे आहे का ते पाहून जाणार. एक झाड लावलं तरी गुन्हा होतो हे मला पाठ होतं. आजोबा आत आणि नात बाहेर, दोघांचंही आयुष्य त्या बेशरमीच्या आड उभं होतं.

आणि हा आजोबा काही नातीवर कमी जीव टाकणारा नव्हता. जन्मभर पायात वहाण न घातलेला माणूस, पण तिच्यासाठी कल्याणला जाऊन धावायचे बूट घेऊन आला. तळव्याला चांदण्यांची नक्षी असलेले. रोज ती धावून आली की बाहेर पायरीवर बसून, काडीनं एकेका चांदणीतला चिखल काढायचा. "मना जमीन नाय तर जमिनीचा चिखल तरी मिलतो," असं म्हणायचा.

त्याच दुपारी शकूबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि मलाही बोलावलं. आतल्या खोलीत समृद्धी कानाला हेडफोन लावून पडली होती, निदान आमची तशी समजूत होती.

"पितमचे बापूस, मी आनलेला जास्वंदीचा सदरा कुटं हाय?"

गोपीनाथांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या दुर्बिणीकडे. लपवाछपवी त्यांना जमण्यातली नव्हती. "राखनीला हाय," म्हणाले.

मी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. कलमं सांगितली, शिक्षा सांगितली, वय बघून कुणी सोडत नाही हे सांगितलं. "काका, या वयात तुम्हाला हा नाद लागला तरी कसा?"

"मना?" ते खरोखर दुखावले. "मी बिडी पन वढली नाय कदी. तो माजा नाय. चेड्याचा हाय."

चेडा म्हणजे त्यांच्या शेताचा राखणदार. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड. भोईरांच्या घरची रीत अशी, की मार्गशीर्षात भाताचा पहिला भारा खळ्यावर आला की चेड्यापुढे मातीची चिलीम भरून ठेवायची, वर निखारा ठेवायचा आणि हात जोडून बसायचं. चिलीम आपोआप ओढली जाते. वर्षभर त्यानं जागून शेत राखलेलं असतं, म्हणून त्याचा तेवढा हक्क. त्या दिवसांत एक गोसावी यायचा, चिमूटभर गांजा देवासाठी द्यायचा आणि सूपभर भात घेऊन जायचा. पुढे तो थकला. शेवटच्या फेरीला त्यानं बियांची पुरचुंडी दिली आणि सांगितलं, आता मी येणार नाही, देवाचं तुम्ही बघा.

"शेत इकला तवा मी चेड्याला बोललो," गोपीनाथ सांगत होते. "जमीन चालली. तुजी चिलीम नाय चुकनार. शबूद दिला. सातबाऱ्यावरनं माजा नाव गेला, त्याचा काय कुटं नावच नवता, तर तो जाईल कुटं?"

तो दगड आता टॉवरच्या गेटाशी आहे. बिल्डरनं त्याला टाइल्सचं देऊळ आणि ट्यूबलाइट दिली आहे. भटजी पेढे ठेवतात. गोपीनाथांच्या मते पेढ्यांनी देवाचं तोंड कडू झालं होतं, आणि खरं सांगते, त्यानंतर मी जाता-येता पाहिलं तेव्हा मलाही तसंच वाटायला लागलं.

"ते समदा राहू द्या," शकूबाई म्हणाल्या. "लपवून लावला, तर बुजगावना कशाला रोवला?"

गोपीनाथ बुचकळ्यात पडले. इतका साधा प्रश्न बायकोनं विचारावा याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

"पीक हाय," ते म्हणाले. "बुजगावना नको?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांनी मूठ झाकली आणि वर निशाण लावलं. तेही स्वतःचा सदरा घालून, कारण त्यांच्याकडे बुजगावण्याला मालकाच्या अंगाला लागलेला कपडाच लागतो. पाखरांना मालक कळला पाहिजे. पाखरांना कळला तसा सगळ्या चौदा मजल्यांना कळायचा बाकी होता.

"आणि पोरीची नोकरी?" शकूबाई म्हणाल्या. "ती गेली तर तुमचा चेडा दिल का?"

"ती त्याच्याच भवती धावली ना गो शके? त्यानंच तिला पलवली. आता तिला मिलाला आनि त्याची चिलीम बंद करू? माजा तोंड कसा दाखवू त्याला?"

त्यांची बाजू कुठल्याही कोर्टात टिकली नसती, पण मला तिच्यात खोट सापडत नव्हती, आणि याचाच मला संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी ते देवाला कौल लावायला बसले. दगडाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पीक ठेवायचं, डावं पडलं तर उपटायचं. दुपार गेली. शाळेच्या बसेस आल्या, दूधवाला आला, फुलं जागची हलली नाहीत. वॉचमननं मदत म्हणून देवळातला पंखा लावला तेव्हा दोन्ही एकदम उडाली. गोपीनाथ घरी आले, हातपाय धुतले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "तो पन अडकलाय. मीच बगतो. सकाली ओहोटी लागली का जातो आनि उपटून टाकतो."

त्या रात्री शकूबाई झोपल्या नसाव्यात. मी सकाळी बाल्कनीत आले तेव्हा त्या आधीच शालीत गुरफटून बसल्या होत्या. धुकं रोजच्यापेक्षा दाट होतं, पांढरं, दुधासारखं. नदी नव्हतीच. नुसता पांढरेपणा, आणि त्यात पसरलेले दोन हात.

मग त्या पांढऱ्यातून दुसरा माणूस वर आला. बनियन घातलेला, हळूहळू पाणी कापत. तो बुजगावण्यासमोर जाऊन उभा राहिला. आम्ही दोघी पाहत राहिलो. एक गोपीनाथ हात पसरून, दुसरे हात जोडून. किती वेळ कोण जाणे. मला वाटलं, आता हे एकमेकांच्या जागा बदलतील आणि घरी कुठले येतील ते आपल्याला कळणारही नाही.

ते वाकले नाहीत. त्यांनी काही उपटलं नाही. ते गुडघे वर घेत पाय उचलू लागले. एक पाय, मग दुसरा, बुजगावण्याच्या भोवती, सावकाश, चिखल तुडवत.

"चिखलनी करतात," शकूबाई कुजबुजल्या. भातलावणीच्या आधी शेत तुडवतात तशी. "लावनी करनार हायत काय आता? ह्यांचा डोका ठिकानावर नाय."

मला मात्र ते निरोप घेणं वाटलं. शेवटचं एकदा जमिनीला पाय लावून घेणं. माझे डोळे भरून आले आणि दुर्बिणीत सगळं पाणीच पाणी झालं.

ते परत आले ते रिकाम्या हातानं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहरा मात्र शांत, अंघोळ करून उठलेल्या लहान मुलासारखा.

"उपटला?" शकूबाईंनी विचारलं.

"काय नवताच तिथं. समदा साफ. मुलामातीसकट." त्यांनी वर बोट केलं. "देवानं नेला."

शकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांना वाटलं मी कुणाला तरी पाठवलं. मला वाटलं त्यांनीच पाठवलं. दोघीही एकमेकींवर खूश झालो आणि गप्प बसलो. समृद्धी आतून आली, आजोबांना टॉवेल दिला आणि खाली बसून त्यांचे पाय धुवायला लागली. त्यांनी धुऊ दिले.

पुढच्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून हवालदार आले. चहा झाला, कागद झाले. निघताना ते बाल्कनीत गेले आणि म्हणाले, "व्ह्यू एकदम भारी आहे तुमचा. तो समोर कोण उभाय?"

मी घाईनं रिकाम्या कपबशा गोळा करू लागले.

"बुजगावना हाय, साहेब," गोपीनाथ म्हणाले. "माजाच."

"आणि पीक?"

"पीक नाय. सवय हाय."

हवालदार हसले. त्यांचंही गाव कुठेतरी असणार, कारण मग ते उगाचच थोडा वेळ तिथे रेंगाळले.

मार्गशीर्षात समृद्धीच्या ट्रेनिंगचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी गोपीनाथ मातीची चिलीम घेऊन गेटापाशी उतरले. आम्हीही गेलो. भारा नव्हता, खळं नव्हतं, गांजाही नव्हता. ते रिकामी चिलीम देवापुढे ठेवून तिच्याकडे बघत बसले. दिलेला शब्द मोडताना माणूस किती लहान दिसतो ते मी पाहिलं.

शकूबाई पुढे झाल्या. कमरेची डबी काढली. ती त्यांची मशेरी, जी सोडण्यासाठी डॉक्टर, मुलगा, सून, सगळ्यांनी हात टेकले होते. भाजलेली तंबाखूच ती. त्यांनी अख्खी डबी चिलमीत ओतली.

"घे बाबा," देवाला म्हणाल्या. "माजी सोडली. तुला लागू दे."

"ठसका लागंल त्याला," गोपीनाथ पुटपुटले, पण निखारा ठेवला. धूर निघाला. आधी बारीक, मग जाड, आणि खरंच कुणीतरी ओढत असावं तसा थांबून थांबून. ट्यूबलाइटच्या उजेडात तो निळा दिसत होता. आम्ही सगळे हात जोडून बसलो. मीसुद्धा.

समृद्धीनं मान खाली घातली होती. ती म्हणाली, "आजा, तो रागावला असेल ना? त्याची वस्तू गेली म्हणून. जिनं... ज्यानं कोणी नेली, त्याच्यावर?"

"कशाला रागवंल? बोललो ना, तो स्वताच आलता."

"असं कसं? तुला काय माहीत?"

"मना नाय तर कोनाला म्हाईत?" गोपीनाथांनी धुरावरची नजर काढली नाही. "पायात बूट घालून आलता. चिखलात ठसे व्हते. समद्या बेटावर चांदन्याच चांदन्या."

शकूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"मी तुडवून पुसल्या," ते म्हणाले. "येक पन ठेवली नाय. आता पोलीस झालीस तर ध्यानात ठेव, बाय. आसा ठसा ठेवून जायाचा नसतो."

पोरगी त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडली. तिच्या पाठीवर हात फिरवत ते चिलमीकडे बघत राहिले, निखारा विझेपर्यंत. मग शकूबाईंनी चिलीम उचलून उलटी केली आणि आत राख तेवढी उरली होती.